ठेंगण्या गाडीचे ब्रेक

सुनेने दोनच माणसांची ती ठेंगणी गाडी घरी आणली तेव्हा घाटबाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, वाकून चाकांच्या फटीतून आत पाहिलं आणि विचारलं, "तिसऱ्याने कुठे बसायचं?"

"तिसऱ्याला गाडी लागते, आई," सून म्हणाली. दोघींनी एकदमच दारात उभ्या असलेल्या तिसऱ्याकडे पाहिलं.

तिसरा म्हणजे घाटबाईंचा मुलगा, सुनेचा नवरा. तो शाळेत भूगोल शिकवायचा. जगातले सगळे डोंगर त्याला तोंडपाठ होते, पण त्यातल्या एकाचीही तीन वळणं त्याच्या पोटाला सोसत नसत. ज्या घाटात आईने अठ्ठावीस वर्षं बस चालवली, त्या घाटातून तो जन्मात दोनदा गेला होता आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेत उतरला होता. "हा नक्की तुमचाच ना?" असं डेपोतली माणसं घाटबाईंना हसून विचारायची.

घाटबाई हे नावही डेपोचंच. सपाट रस्त्याची ड्यूटी आली की त्यांना करमायचं नाही, म्हणून साहेबाने एकदा वैतागून म्हटलं होतं, "हिला घाटच द्या, घाटबाई आहे ती." तेव्हापासून पगाराच्या कागदावरचं नाव तेवढं कागदावरच राहिलं. निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली होती. घरात तशी चैन होती, पण सकाळी सहाला जाग यायची आणि उजवा पाय उगाचच पेडल शोधायचा.

सून दातांची डॉक्टर होती. "सगळं जग माझ्यासमोर आ करून बसतं," ती म्हणायची, "पण बोलत कुणीच नाही." दिवसभर त्या शांततेत बसून तिला संध्याकाळी काहीतरी आवाज करावासा वाटायचा, असं तिचं स्वतःचं निदान होतं. गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर एका क्लबने वळणावळणाचा रस्ता आखून घेतला होता. दर रविवारी तिथे हौशी लोक आपापल्या गाड्या जीव खाऊन पळवत. सूनही जाऊ लागली.

पहिल्या दोन रविवारी ती उशिरा आली आणि गप्प गप्प होती. तिसऱ्या रविवारी मात्र दुपारी दोनलाच परतली, हेल्मेट जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "विकून टाकते."

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"तेच. चार फेऱ्या नीट जातात. पाचवीला ब्रेक लागतच नाहीत. आज सरळ गवतात गेले. सगळे म्हणतात मोठे ब्रेक बसव, नाहीतर गाडी चालवू नकोस. एक जण तर म्हणाला, बाईमाणसाच्या पायात तेवढा जोर नसतो."

घाटबाई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "पेडल मऊ पडतं, की पेडल दगडासारखं राहतं आणि गाडी थांबत नाही?"

सून थांबली. इतक्या शहाण्यांनी सल्ले दिले होते, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "मऊ," ती आठवून म्हणाली. "पाव दाबल्यासारखं. दोन-तीनदा भराभर दाबलं की पुन्हा येतं."

"मग ब्रेक लहान नाहीत. तेल उकळतंय."

"तेल?"

"ब्रेकचं तेल. मिठाच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं की मीठ ओलं होतं ना, तसं ते तेल हवेतलं पाणी पीत राहतं. वर्षानुवर्षं पीत राहतं. रोजच्या रस्त्यावर काही कळत नाही. पण चाक तापलं की त्या पाण्याची वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग तू पाय दाबतेस तो वाफेवर, चाकावर नाही." त्यांनी एक शेंग फोडली. "कधी बदललंय?"

"मी तरी नाही. आधीच्या मालकाने बदललं असेल."

"असेल," घाटबाई म्हणाल्या. त्या 'असेल'मध्ये आधीच्या मालकाबद्दलचं त्यांचं पूर्ण मत होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना संध्याकाळचा होता, म्हणून सकाळीच दोघी क्लबच्या मेकॅनिककडे गेल्या. त्याला सगळे पाना म्हणत. पन्नाशीचा उंच, वाळका माणूस. खिशात कायम एक पाना, आणि बोलणंही तसंच, मोजून फिरवलेलं. त्याने चाकाजवळचा छोटा स्क्रू सैल केला आणि नळीतून बाटलीत जुनं तेल काढलं. नवं तेल पातळ मधासारखं असतं. हे कोऱ्या चहासारखं काळपट निघालं.

पाना बाटलीकडे पाहत राहिला. "मीच मोठ्या ब्रेकचं सांगत होतो," तो म्हणाला. "आधी हे बघायला हवं होतं."

"होतं असं," घाटबाई म्हणाल्या. "मोठी दुखणी शोधायच्या नादात साधा ताप बघायचा राहतो."

पाना जास्त उष्णता सोसणारं तेल भरत होता तोवर घाटबाई फरशीवर फतकल मारून गाडीच्या नाकासमोर बसल्या. पुढच्या बाजूला खालती दोन्हीकडे चकचकीत जाळीच्या पट्ट्या होत्या. त्यांनी नखाने टकटक केलं. जाळी नव्हतीच ती. जाळीचं चित्र कोरलेला भरीव पत्रा होता.

"हे काय आहे?"

"शोभा," पाना म्हणाला. "आधीच्या मालकाची हौस."

"आणि मागे?"

पानाने पट्टी उचकटली. मागे मुठीएवढं भोक होतं, आणि भोकाला लागून पुढच्या चाकाकडे जाणारी रबरी नळी. ब्रेकना वारा मिळावा म्हणून बनवणाऱ्याने ती ठेवलेली, आणि हौशी मालकाने तिच्या तोंडावर शोभा चिकटवलेली.

"नाक शिवून धावायला लावलंय बिचारीला," घाटबाई म्हणाल्या. सून इतकी हसली की तिला बाजूच्या टायरवर बसावं लागलं.

मग रेडिएटर निघाला. त्याच्या बारीक पात्यांच्या फटीत वाळलेलं गवत, पतंगांचे पंख आणि धुळीचा जाड थर. जोराचं पाणी मारलं तर पाती वाकतील, असं पाना म्हणाला. सून उठली, पर्समधून एक कातडी पाकीट काढलं आणि उघडलं. आत दात साफ करायच्या आकड्या ओळीने लावलेल्या होत्या.

"जुन्या आहेत," ती म्हणाली. "टाकून देणारच होते."

पुढचा दीड तास दातांची डॉक्टर गाडीच्या रेडिएटरचे दात कोरत होती. जीभ ओठांच्या कोपऱ्यात, कपाळावर दिवा. मधेच सवयीने ती "दुखलं तर हात वर करा" असंही म्हणाली. आपल्या सुनेला काम करताना घाटबाई पहिल्यांदाच पाहत होत्या. किती हलका हात आहे पोरीचा, त्यांना वाटलं, आणि असा हात असलेलं माणूस गाडी रेटणार नाही. मग गडबड पायात असणार. ती प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळायची नव्हती.

"पुढच्या रविवारी मी येते," त्या म्हणाल्या.

रविवारी मुलाने उकडलेली अंडी, पाव, काकड्या आणि पाण्याच्या सहा बाटल्या बांधून दिल्या. "सांभाळून," तो दोघींना म्हणाला, मग गाडीलाही म्हणाला. ऊन सकाळी नऊलाच चटके देत होतं. धावपट्टीवर एकोणीस गाड्या रांगेने उभ्या होत्या. लोक बॉनेट उघडून आत असे पाहत होते जणू आतून कुणी हाक मारली आहे.

शेजारी बसायची परवानगी होती. घाटबाईंनी हेल्मेट चढवलं, पट्टा ओढून घेतला आणि म्हणाल्या, "चल."

सहा फेऱ्या झाल्या. पेडल दगडासारखं. सातवी झाली. सुनेच्या चेहऱ्यावर हेल्मेटच्या आतही हसू दिसत होतं. आता घाटबाईंना राहवेना. लांब सरळ पट्टीच्या शेवटी उजवीकडचं आखूड वळण होतं, तिथे सून दर वेळी ब्रेकवर उभी राहत होती, आणि अठ्ठावीस वर्षांची सवय बोलून गेली.

"ब्रेक कशाला झिजवतेस? गिअर टाक खाली. इंजिन धरेल."

सुनेने ऐकलं. सासूबाईंचं आजवर खरंच ठरत आलं होतं. तिने एकदम दोन गिअर खाली टाकले. इंजिन किंचाळलं, मागची चाकं क्षणभर जागीच थिजली, आणि समोरचं वळण डावीकडे निघून गेलं. मग झाडं गेली, धावपट्टीचा जुना मनोरा गेला, ज्या रस्त्यावरून त्या आल्या तो रस्ता समोरून गेला, पुन्हा झाडं आली. गाडी गवतात मागच्या अंगाने शिरली आणि थांबली. धूळ हळूहळू खाली बसली.

घाटबाईंनी हेल्मेट सरळ केलं.

"तो सल्ला," घाटबाई म्हणाल्या, "बसचा होता."

सुनेच्या खांद्यांना आधी हलका हिसका बसला, मग दुसरा. वळणावर झेंडा घेऊन उभा असलेला क्लबचा माणूस धापा टाकत पोचला तेव्हा दोन बायका हेल्मेटमध्ये हसून हसून रडत होत्या. कुणाला डॉक्टर हवा आहे का, हे विचारावं की नाही, ते त्याला कळेना.

पानाने गाडी खालून-वरून तपासली. काही तुटलं नव्हतं. पण तेलाच्या तापाचा काटा बराच वर गेला होता.

"काकू," तो आदराने म्हणाला, "घाट उतरताना इंजिनावर भार नसतो. ते गार असतं, म्हणून त्याला कामाला लावता येतं. इथे ते आधीच घामाघूम आहे. त्याच्या पाठीवर आणखी ओझं का टाकायचं?"

घाटबाईंनी विचार केला. मान्य करायला त्यांना वेळ लागला, पण केलं तेव्हा पुरतं केलं. "बरोबर आहे तुझं. जिथे गेले नाही तिथली वाट सांगत होते मी." मग सुनेला म्हणाल्या, "आता मी बाहेर बसते. जे येतं तेवढंच करते."

मग त्या आखूड वळणाच्या बऱ्याच अलीकडे, कठड्यामागे, त्या छत्री उघडून बसल्या. गाड्या लांबून येत, समोरून पुढे जात, मग त्यांचे मागचे लाल दिवे लागत आणि विझत. घाटबाई मोजू लागल्या. निळी गाडी, एक, दोन, विझले. पिवळी, एक, दोन, तीन, विझले. मग त्यांची ठेंगणी आली आणि दिवे इतरांपेक्षा कितीतरी आधी लागले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. वळणाच्या मध्यावरही दिवे चालूच. पुढच्या फेरीला पुन्हा सहा.

सून परत आल्यावर त्या म्हणाल्या, "तू ब्रेक दाबत नाहीस. ब्रेकवर पाय ठेवून बसतेस."

"हळूहळू दाबला तर कमी तापतो ना?"

"उलट. सबंध वळणभर तो घासत राहतो, त्याला गार व्हायला उसंतच मिळत नाही. जोरात दाब, थोडा वेळ दाब आणि सोड. दात काढताना काय करतेस? ओढत बसतेस का?"

"हळूहळूच काढतात आई. हलवून हलवून."

घाटबाई जरा अडखळल्या. "बरं, दात सोड. जखमेवरची चिकटपट्टी?"

"ती एका झटक्यात."

"हां. तसा. एक घाव दोन तुकडे."

सून हसली, पण मग खाली पाहत म्हणाली, "मला भीती वाटते, आई. वळण दिसलं की पाय आपोआप जातो."

घाटबाईंनी छत्री मिटली. "मला पहिली चार वर्षं वाटायची. मागे पन्नास माणसं. कुणाला सांगितलं नाही. मग एक झाड ठरवलं. त्या झाडापर्यंत पाय हलवायचा नाही, एवढंच स्वतःला सांगायचे. तू एक खूण ठरव. आधी जवळची धर, मग दर फेरीला थोडी पुढची."

कठड्यावर अंतराच्या पांढऱ्या पाट्या होत्याच. सुनेने दुसरी पाटी धरली. दोन फेऱ्यांनी ती तिसरीपाशी आली. घाटबाई मोजत होत्या: पाच. चार. साडेतीन. एका फेरीला पुन्हा पाच झाले आणि त्यांनी जीभ चावली. पुढच्या फेरीला तीन. वळणातून सुटताना गाडीचा आवाजच बदलला. आधी कुरकुरल्यासारखा होता, आता मोकळा झाला.

शेवटची फेरी मात्र त्यांनी मुद्दाम सावकाश घ्यायला लावली, ब्रेकला पाय न लावता, नुसता वारा खात. थांबल्यावर हँडब्रेक ओढू दिला नाही. "तापलेल्या चाकाला घट्ट धरून ठेवलं तर डाग पडतो," म्हणाल्या आणि चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला. बॉनेट उघडं आणि इंजिन चालू. "घाट चढून आलं की मी पाच मिनिटं असंच ठेवायचे. प्रवासी कटकट करायचे. पण तेल फिरतं राहिलं पाहिजे, नाहीतर सगळी उष्णता आहे तिथेच अडकून बसते."

अंडी, पाव, काकड्या संपल्या. दुपारी तीनला दिवसाची शेवटची पळापळी होती: सलग पाऊण तास. सून आजवर तिच्यात कधी टिकलीच नव्हती. निघण्याआधी दोघींनी ठरवलं, तापाचा काटा खुणेपुढे गेला तर सुनेने सरळ पट्टीवर दोनदा पुढचे दिवे लावायचे. पानाजवळ एक फळा होता, त्यावर खडूने लिहून तो गाड्यांना दाखवायचा. तो त्याने न मागता घाटबाईंच्या हातात दिला.

पहिली वीस मिनिटं छान गेली. तीन गाड्या मधेच आत आल्या. त्यातल्या एकीच्या चाकांतून धूर निघत होता. ती चालवत होता बायकांच्या पायात जोर नसतो म्हणणारा तोच. घाटबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. निदान फार वेळ पाहिलं नाही.

मग ठेंगणीचे दिवे लागले. एकदा, दोनदा.

घाटबाईंनी भराभर मोठ्या अक्षरात लिहिलं: हीटर.

शेजारचा माणूस वाकून वाचत म्हणाला, "बाई, अंड्याचं आम्लेट होईल इतकं ऊन आहे."

"म्हणूनच," घाटबाई म्हणाल्या. "इंजिनाची उष्णता कुठेतरी जायला हवी. तिला दार उघडून दिलं की थोडी गाडीत येते. आतलं माणूस घामाने भिजेल, पण इंजिन वाचेल. डोंगरात भर उन्हात पंचवीस प्रवाशांना भाजून नेलंय मी असं. एकाने तक्रारही लिहिली होती."

पुढच्या फेरीला ठेंगणीच्या दोन्ही काचा खाली होत्या आणि आत सुनेचा हात कपाळ पुसत होता. पण दिवे पुन्हा लागलेच. घाटबाईंनी डोळे बारीक केले. सून एका निळ्या गाडीच्या अगदी शेपटीला चिकटली होती. त्या गाडीचा सगळा गरम वारा हिच्या नाकात जात होता. त्यांनी फळा पुसून लिहिलं: बाजूला हो.

सरळ पट्टीवर ठेंगणी अर्ध्या रुंदीने डावीकडे सरकली आणि तिला ताजा वारा मिळाला. त्यापुढच्या फेरीला दिवे लागले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाहीत. आणि बाजूला झालीच आहे तर, असं म्हणून की काय, आखूड वळणाआधी सुनेने चौथ्या पाटीपर्यंत ब्रेकवर पाय नेला नाही आणि निळीला मागे टाकलं. घाटबाईंनी मोजलं: अडीच. त्यांनी पानाचा दंड इतका घट्ट धरला की तो "काकू, हात" म्हणाला.

एकोणीस गाड्यांत ठेंगणी सातवी आली. हेल्मेट काढलं तेव्हा सुनेचे केस डोक्याला चिकटले होते, गाल बिटासारखे झाले होते, आणि ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती: "पेडल कडक होतं, आई. शेवटपर्यंत कडक होतं." घाटबाई तिच्या डोक्यावर पाण्याची बाटली ओतत होत्या आणि "हो गं, हो गं" म्हणत होत्या.

दिवसाच्या शेवटी क्लब सगळ्यांसाठी रस्ता अर्धा तास मोकळा सोडत असे. घरच्यांना फिरवून आणा, फोटो काढा, असं. सून शेजारच्या जागेवर जाऊन बसली आणि पट्टा लावू लागली.

"इकडे कुठे?" घाटबाईंनी विचारलं.

"तुम्ही चालवा."

"मी तीन वर्षांत..."

"आई, दोन गाड्या खोळंबल्यात मागे."

घाटबाई बसल्या. आसन इतकं खाली होतं की रस्ता मांडीवर घेतल्यासारखा वाटला. पहिली फेरी त्यांनी बसच्या चालीने काढली. प्रत्येक वळण आधी पाहिलं, मग घेतलं. ब्रेकला एकूण तीनदा पाय लागला. दुसऱ्या फेरीला सरळ पट्टी आली आणि समोर कुणीच नव्हतं. बसला साठावर अडवणारी कळ असायची. घाटबाईंच्या उभ्या जन्मात साठाच्या पुढे काय असतं ते त्यांनी स्वतःच्या पायाने पाहिलं नव्हतं. त्यांनी पाय दाबला. साठ कुठे गेले कळलंही नाही. पाठ आसनात रुतली, काचेबाहेरचं गवत नुसती हिरवी रेघ झालं आणि पोटातून काहीतरी हलकं वर आलं. लहानपणी झोक्यावर यायचं तसं. पहिली पाटी गेली. दुसरी, तिसरी. चौथीला त्यांनी ब्रेक दाबला, सोडला, आणि गाडी वळणातून अशी निघाली जणू तिला तेच हवं होतं.

"अडीच," सून हळूच म्हणाली.

"मोजत होतीस?"

"मग काय."

आणखी तीन फेऱ्या झाल्या. शेवटची सावकाश, वारा खात.

घरी पोचल्या तेव्हा मुलगा टेबलावर ताटं मांडत होता. सातवा नंबर ऐकून त्याने बायकोला मिठी मारली आणि तिचा घामाचा वास आला तरी सोडली नाही. मग आईकडे वळला. "आणि तू? नुसती बसून कंटाळलीस का?"

"छे," घाटबाई हात धूत म्हणाल्या. "हिने मला दोन-चार फेऱ्या दिल्या चालवायला."

मुलाचा चेहरा जरा पांढरा झाला. "किती वेगात?"

घाटबाईंनी टॉवेल घेतला, एकेक बोट नीट पुसलं.

"बसएवढ्याच," त्या म्हणाल्या. सून पटकन स्वयंपाकघरात वळली आणि आतून बराच वेळ नळ जोरात सोडल्याचा आवाज येत राहिला.